पाण्यातून परत आलेली तुरटी

नाशिकच्या कथड्यातल्या सलिमाबींची जीभ गल्लीत प्रसिद्ध होती, पण बोलण्यासाठी नव्हे. बोलायच्या त्या अगदी मोजकं. त्या कापड रंगवायच्या, आणि रंगकामातलं जे काही हाती येईल ते जिभेच्या टोकाला लावून ओळखायच्या. हिरडा यंदाचा की गेल्या सालचा, मंजिष्ठेच्या भुकटीत कुणी विटेचा चुरा घातलाय का, हंड्यातल्या पाण्यात तुरटी पुरेशी झाली की अजून मूठभर हवी, हे सगळं जीभ सांगायची. मग त्या बाजूला थुंकायच्या, चूळ भरायच्या आणि कामाला लागायच्या.

त्यांचं माहेर पेठच्या वाटेवरच्या एका गावात. बाप पिंजारी, गावोगाव फिरून गाद्या-उशांचा कापूस पिंजून द्यायचा. घरात बोलणं मराठीच, तेही डोंगरातलं, आणि ते त्यांच्या तोंडून कधी गेलं नाही. लग्न होऊन नाशकात आल्या तेव्हा रंगाचा त्यांना काही गंध नव्हता. शिकवलं ते खाजाभाईंनी, त्यांच्या नवऱ्यानं. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, वाळवायचं, मग तुरटीच्या पाण्यात, आणि मग मंजिष्ठेच्या उकळत्या हंड्यात. तुरटी नसेल तर लाल रंग कापडावर बसतो खरा, पण पाहुण्यासारखा. पहिल्या धुण्यात निघून जातो.

खाजाभाई तुरटीची तयार भुकटी कधी आणत नसत. मोठे खडे आणायचे आणि अंगणातल्या काळ्या दगडी खलात स्वतः कुटायचे. तो आवाज गल्लीला सवयीचा झाला होता. तयार रंगांच्या पुड्या बाजारात आल्या, ओढण्या रंगवून घेणारी गिऱ्हाइकं कमी झाली, शेजारच्या रंगाऱ्यांनी हंडे विकून टाकले, तरी खाजाभाईंचा खल वाजत राहिला. पुढे इंदिरानगरच्या मोहिनीताई, ज्यांचं हातमागाच्या कपड्यांचं छोटं दुकान आहे, त्या शोधत शोधत गल्लीत आल्या आणि झाडापाल्याच्या रंगातली सुती कापडं मागू लागल्या. त्यामुळे काम टिकलं.

गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात खाजाभाईंनी एका दुपारी खडे कुटून अर्धी बरणी भरली, झाकण लावलं, आणि छातीत कळ येतेय म्हणून जे आडवे झाले ते पुन्हा उठले नाहीत.

त्यानंतरही सलिमाबी रंगवत राहिल्या. तुरटी मात्र बाजारातून भुकटी करून आणलेली वापरायला लागल्या. खाजाभाईंची बरणी मागच्या खोलीत ओल धरेल म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या फळीवर नेऊन ठेवली. तिला हात लावायचा नाही असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. हात जात नव्हता, एवढंच. कुणाला त्या याबद्दल बोललेल्याही नव्हत्या.

गेल्या दिवाळीच्या आसपास मुलाचं, इमरानचं लग्न झालं. तो सातपूरच्या एका कारखान्यात यंत्राचे सुटे भाग तपासण्याच्या कामावर आहे. सून शाझिया मालेगावची. बाप यंत्रमागावर काम करणारा, पण त्यानं पोरीला बारावीपर्यंत सायन्स शिकवलेलं. घरात आल्यापासून ती इतकी गप्प असायची की सलिमाबींना वाटायचं, हिला आपलं घर आवडलं नसावं. शाझियाला वाटायचं, सासूबाई बोलत नाहीत म्हणजे आपलं काहीतरी चुकतंय. दोघीही बोलायला कच्च्या, त्यामुळे घरात शांतता भरपूर होती.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी तिघं जेवायला बसले होते. इमराननं डाळीचा पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"डाळीत काय घातलंस? तोंड आवळून आलं माझं."

शाझियानं घाबरून स्वतः चव घेतली. तिला काही कळेना. सलिमाबींनी बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि त्यांची नजर थेट फळीकडे गेली. बरणी पूर्वी अर्धी होती. आता काठोकाठ भरलेली होती.

"मला मीठच वाटलं," शाझिया म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "पांढरं, बारीक. बरणी अर्धी रिकामी होती, म्हणून सकाळी मिठाची नवी पिशवी तिच्यात ओतली. वरखाली हलवून घेतली."

"चांगली हलवली?"

"हो अम्मी."

सलिमाबींनी बरणी खाली काढली आणि मांडीवर घेतली. झाकण उघडून आत पाहिलं. दोन्ही पांढरं, दोन्ही बारीक. कुठं एक संपतं आणि कुठं दुसरं सुरू होतं हे कुणाच्याही डोळ्यांना कळलं नसतं.

"तुरटीच ना?" इमरान म्हणाला. "त्यात काय एवढं, अम्मी. उद्या भद्रकालीच्या बाजारातून आणून देतो, पाहिजे तेवढी."

सलिमाबी बरणीतच बघत राहिल्या. इमरान हात धुऊन बाहेर गेला. शाझिया भांडी घेऊन उभीच राहिली. तिला तिथून हलताही येईना आणि थांबवतही नव्हतं. मग सलिमाबी म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांनी कुटलेली हाय ही. शेवटची."

एवढं बोलून त्यांनी झाकण लावलं. रागावल्या असत्या तर शाझियाला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी चहा घेऊन ती सासूजवळ आली. कप ठेवला, पण गेली नाही.

"अम्मी, हे वेगळं करता येईल."

"कसं? सुईनं दाणा दाणा निवडून?"

"पाण्यानं."

सलिमाबींना हसूच आलं, पण कोरडं. "पाण्यात घातली की गेली, पोरी. जन्मभर मी दुसरं काय करतेय? हंड्यात तुरटी टाकायची आणि ती पाण्यात जाते ते बघायचं."

"जात नाही अम्मी. दिसेनाशी होते." शाझिया पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून बोलत होती. "मिठाला पाणी गरम काय आणि गार काय, फारसा फरक पडत नाही. जेवढं मावायचं तेवढं मावतं. तुरटीचं तसं नाही. गरम पाण्यात ती भरपूर मावते, आणि पाणी गार झालं की मावत नाही. मग तिला बाहेर यावंच लागतं. मीठ आतच राहतं. शाळेत बाईंनी केलं होतं एकदा."

"तू केलं होतंस?"

"नाही. आम्ही लांबून पाहिलं. एवढीशी काचेची नळी होती. तास संपला, मग ती धुऊन टाकली."

सलिमाबींनी चहा पिऊन संपवला आणि विषयही तिथेच सोडला. पण पोरीचं एक वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. तुरटीला पाण्यात जाताना त्यांनी किती वेळा पाहिलं होतं. पण ती पाण्यातून परत येते का, हे पाहायची वेळच कधी आली नव्हती. पाणी कापडाच्या कामी यायचं आणि उरलेलं गटारात जायचं.

दुसऱ्या दिवशी इमरान कामावर गेल्यावर त्यांनी बरणीतून एक वाटी भरून शाझियासमोर ठेवली. "एवढ्यावर करून दाखव. बिघडलं तर एवढंच बिघडेल."

शाझियानं स्टीलच्या पातेल्यात पाणी तापवलं आणि वाटी त्यात रिकामी केली. चमच्यानं ढवळलं तसं सगळं दिसेनासं झालं, मीठही आणि तुरटीही. तिनं पातेलं झाकून कोपऱ्यात ठेवलं. त्या रात्री थंडी चांगली पडली होती. सकाळी दोघींनी झाकण काढलं तर आत नुसतं पाणी. तळ स्वच्छ दिसत होता.

शाझियाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. सलिमाबींनी बोट बुडवून चव घेतली. खारट, आणि त्यामागून येणारं तुरट. दोन्ही आतच होतं.

"पाणी जास्त झालं," शाझिया पुटपुटली. "एवढ्या पाण्यात गार झाल्यावरसुद्धा ती मावतेय. म्हणून बाहेर येत नाही."

"मग आटव की," सलिमाबी म्हणाल्या. रंगाचा हंडा किती आटवायचा हे त्यांना चांगलं कळत होतं. त्यांनी स्वतः पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं, आच मंद ठेवली आणि समोर बसून राहिल्या. शाझियानं सांगितलं की फार आटवलं तर गार झाल्यावर मीठही खाली बसेल. मधलंच कुठलं तरी माप साधायला हवं. सलिमाबी म्हणाल्या, रंगाचंही तसंच असतं. मग त्या दोघी त्या मापाबद्दल बोलत बसल्या, आणि बोलता बोलता दुपार कशी झाली ते कळलंही नाही.

आटलेलं पाणी गार झालं तसं संध्याकाळपर्यंत तळाला थोडी साखरेसारखी चमक दिसू लागली. सलिमाबींनी चिमूटभर काढून गार पाण्याखाली धरली आणि जिभेवर ठेवली. तोंड आवळून आलं. खारटपणाचा लवलेश नव्हता.

त्या उठल्या आणि पूर्ण बरणीच घेऊन आल्या.

या वेळी त्यांनी रंगाचं मोठं पातेलं घासून घेतलं. पाणी उकळलं, बरणी रिकामी झाली, लाकडी दांड्यानं ढवळणं झालं. पाणी तसं नितळ होतं, पण त्यात एक बारीकशी करडी छटा दिसत होती. शाझियानं दुसऱ्या पातेल्यावर मलमलचं फडकं ताणून धरलं आणि गरम पाणी त्यातून ओतलं. मीठ गेलं, तुरटी गेली. फडक्यावर राहिली ती काळसर, मऊ भुकटी, चिमूटभराहून थोडी जास्त.

"कचरा आहे," म्हणत शाझिया फडकं नळाखाली धरणार, तोच सलिमाबींनी तिचं मनगट पकडलं.

त्यांनी बोटावर ती भुकटी घेतली. जिभेवर तिला काहीच चव नव्हती, दातांखाली कचकच लागली. त्या अंगणात गेल्या. खाजाभाईंचा खल भिंतीशी तसाच पडून होता. लग्न होऊन आल्या तेव्हा त्याचा खळगा तळहाताएवढा उथळ होता. आता त्यात नारळ बसला असता. वर्षानुवर्षं कुटून कुटून तो खोल होत गेला, हे त्या रोज पाहत होत्या. तो दगड जातो कुठं, हे मात्र त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. तो तुरटीत जात होता. प्रत्येक घावाबरोबर खलाचा एक कण तुटत होता आणि पांढऱ्यात मिसळून बरणीत बसत होता, आणि इतकी वर्षं कुणाच्या डोळ्यांना तो दिसला नव्हता. पाण्यानं दोन पांढऱ्या गोष्टी पोटात घेतल्या आणि हा काळा कण तेवढा मागं ठेवला.

सलिमाबींनी फडकं सावलीत वाळवलं, घडी घातली आणि आपल्या पेटीत ठेवलं.

पातेलं झाकून, वर जुनी गोधडी गुंडाळून त्यांनी ते मागच्या खोलीत ठेवलं. पाणी जितकं सावकाश गार होईल तितके खडे मोठे येतील, असं शाझियाला अंधूक आठवत होतं. हलवायचं मात्र नाही.

पहाटे सलिमाबी फजरच्या नमाजासाठी उठल्या. पाणी बर्फासारखं होतं. वजू करताना बोटं बधिर झाली. नमाज झाल्यावर त्या जानमाजवरून उठल्या आणि पाय आपोआप मागच्या खोलीकडे वळले. गोधडी सोडवली, झाकण बाजूला केलं. खिडकीतून नुकता उजेड येऊ लागला होता.

तळ दिसत नव्हता. तळावर, कडांवर, जिथं जागा मिळेल तिथं खडे बसले होते, पाण्यासारखे नितळ. काही बोराएवढे, काही मोहरीएवढे. त्यांनी हात बुडवून एक उचलला. वर एक टोक, खाली एक टोक, मध्ये चौकोनी कंबर. बाजू मोजल्या तर आठ, आणि आठही बाजू तीन कोनांच्या. दुसरा उचलला. तसाच. अगदी बारकासा, नखावर मावेल असा उचलून डोळ्यांजवळ धरला. तो तेवढासा होता, पण त्यालाही आठच बाजू, आणि कडा जशाच्या तशा सरळ.

सलिमाबी पातेल्याशेजारी जमिनीवर बसल्या.

तुरटी त्यांच्या हातांखालून गेली होती ती खड्यांच्या रूपात आणि भुकटीच्या रूपात. बाजारातला खडा म्हणजे कुठल्या तरी मोठ्या लादीचा फोडलेला तुकडा. त्याला आकार असा नसतोच. तिची चव त्यांना ठाऊक होती, कापडावर ती काय करते ते ठाऊक होतं, पाण्यात जाताना ती कशी दिसेनाशी होते ते ठाऊक होतं. पण तिला स्वतःचं एक रूप आहे, आणि मोकळं सोडलं, कुणी हात लावला नाही, की ती त्याच रूपात येऊन बसते, हे त्यांना माहीत नव्हतं. खाजाभाईंनाही माहीत नव्हतं. त्यांनी तर आयुष्यभर ती फोडलीच.

"सुबहानल्लाह," त्या अगदी हळू म्हणाल्या. नमाजात हा शब्द त्यांच्या तोंडून रोज जायचा. त्या सकाळी तो जरा वेगळा वाटला, आताच नव्यानं शिकल्यासारखा.

मागं शाझिया उभी होती. ती कधी आली ते त्यांना कळलं नव्हतं. तीही शेजारी बसली आणि पातेल्यात पाहू लागली.

"शाळेत असंच होतं?" सलिमाबींनी विचारलं.

"नाही अम्मी. नळीत नुसती पांढरी भुकटी दिसली होती. हे मीही पहिल्यांदाच बघतेय."

"ह्याला सांगतं कोण, आठ बाजू कर म्हणून?"

शाझियानं विचार केला. "एक कण बसला की त्याच्यासारखाच दुसरा कण येऊन त्याला चिकटतो. मिठाचा कण शेजारून गेला तरी त्याला जागा देत नाही. पुस्तकात एवढंच होतं. पण ओळखतो कसा, ते मला नाही सांगता येणार."

"त्यांनी कुटून कुटून बारीक केली," सलिमाबी म्हणाल्या, "आणि पाण्यानं एका रात्रीत सांधली." नवऱ्याच्या हातची भुकटी आता कुठंच उरली नव्हती. ती मोडूनच हे उभं राहिलं होतं. त्यांना वाईट वाटत होतं आणि डोळे त्या खड्यांवरून हलतही नव्हते, दोन्ही एकदमच.

खडे गार पाण्यानं खळबळून फडक्यावर पसरले. पातेल्यातलं पाणी सलिमाबींनी चाखलं. खारट लागलं, पण मागं अजून तुरटपणा होता. शाझिया म्हणाली, गार पाण्यातही थोडी तुरटी राहतेच, एका खेपेत पूर्ण काही सुटत नाही. म्हणून ते पाणी थोडं आटवून पुन्हा गार केलं. आणखी थोडे खडे आले. तिसऱ्या खेपेला अगदी मूठभर. उरलेलं पाणी त्यांनी पसरट थाळ्यांत ओतून गच्चीवर उन्हात ठेवलं.

त्या संध्याकाळी इमरान घरी आला तेव्हा दोघी फडक्याभोवती बसल्या होत्या. त्याला वाटलं, काहीतरी मोडलंय. मग त्यानं एक खडा उचलला, दिव्याकडे धरला, आणि बूट न काढताच खाली बसला. कारखान्यात त्याचं काम मोजण्याचंच. पुढच्या दिवशी तो कोन मोजायचं उपकरण साहेबांना विचारून घरी घेऊन आला. मोठा खडा मोजला, लहान मोजला, एक कड तुटलेला मोजला. मग पुन्हा पहिला मोजला.

"सारखाच," तो म्हणाला. "अम्मी, लहान असो का मोठा, कोन बदलत नाही. आमच्याकडं एवढी सरळ धार यायला केवढं मशीन लागतं. वर मी तपासतो, आणि त्यातले कितीतरी परत पाठवतो."

"ह्यातला कोणता परत पाठवशील?"

इमरान हसला आणि खडा जपून फडक्यावर ठेवला.

थाळ्यांतलं पाणी सुकायला चार-पाच दिवसांचं ऊनही पुरलं नाही. हिवाळ्याचं ऊन, वर धुकं. पण सुकलं तेव्हा तळाला पांढरे चौकोनी दाणे उरले. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून शाझियानं ते दाखवले. चौकोनी, ठोकळ्यासारखे, काहींच्या माथ्यावर पायऱ्या पायऱ्यांचा खोलगट भाग. एकही आठ बाजूंचा नाही. एकाच बरणीत, एकाच पातेल्यात, एकमेकांच्या अंगाला अंग लावून राहिले होते दोघं, आणि सुटले तेव्हा आपापलं रूप घेऊनच सुटले. सलिमाबींनी तो मोबाइल कितीतरी वेळ हातातून सोडला नाही. ते मीठ स्वयंपाकाला चालणार नव्हतं, तुरटीचा अंश त्यात होताच. ते कापडाच्या शेवटच्या धुण्यासाठी वेगळं ठेवलं.

आता तुरटीचं काय करायचं, हा प्रश्न होता. शाझियाला वाटत होतं, खडे काचेच्या बरणीत भरून पुन्हा फळीवर ठेवायचे. सलिमाबींनी दोन दिवस ते तसे ठेवलेही. मग एका सकाळी त्यांनी हिरड्यात भिजवून वाळवलेलं कापड काढलं, हंडा चढवला, आणि खड्यांतले निम्म्याहून जास्त एकेक करून गरम पाण्यात सोडले. खडा आत गेला की आधी त्याच्या कडा गोलसर व्हायच्या, मग तो बारीक व्हायचा, मग पाण्यात एक थरथरती रेघ तेवढी उरायची. मग मंजिष्ठेच्या हंड्यातून कापड लाल होऊन निघालं. नेहमी होतं तसंच झालं. ना जास्त गडद, ना फिकं. त्यातली एक ओढणी त्यांनी मोहिनीताईंच्या गठ्ठ्यात घातली नाही. ती शाझियाच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाल्या, "तुझीच हाय ही. तुझ्याशिवाय झाली नसती."

जानेवारीत सुरगाण्याकडचा बुधा हिरड्याचं पोतं घेऊन आला. खाजाभाई होते तेव्हापासून हिरडा तोच आणून द्यायचा. एसटीनं सीबीएसच्या बसस्थानकावर उतरून पोतं डोक्यावर घेऊन चालत यायचा. अंगणात पाणी प्यायला बसला तेव्हा उरलेल्या खड्यांतला सगळ्यात मोठा सलिमाबींनी त्याच्या हातावर ठेवला, आणि सगळी हकीकत सांगितली. एरवी दोन वाक्यांत काम उरकणाऱ्या बाईला इतकं बोलताना पाहून बुधा आधी त्यांच्याकडेच पाहत राहिला. मग त्यानं खडा उन्हात धरून फिरवला.

"आमच्याकडं कडूकंद असतो ना भाभी," तो म्हणाला, "रानातला. तसाच खाल्ला तर माणूस आजारी पडंल एवढा कडू, इखारी. आमच्या बाया काय करतात, त्याच्या पातळ चकत्या करतात, उकडतात, टोपलीत भरतात आणि ओहळात ठेवतात, वाहत्या पाण्यात. रातभर पाणी त्यातून जातं. कडू तेवढं पाणी घेऊन जातं, कंद टोपलीत राहतो. सकाळी पोरंबी खातात."

"सगळं कडू जातं?" शाझियानं विचारलं.

"एका रातीत नाय गेलं तर दुसऱ्या राती. चाखून बघायचं."

"कोणी शिकवलं हे?"

बुधानं खांदे उडवले. "आजीच्याही आजीला कुणी शिकवलं, कोणाला ठावं. माझी आई ओहळाच्या काठाला बसून टोपलीकडं बघत राहायची. मी विचारायचो, काय बघते? म्हणायची, पाणी निवडतंय." त्यानं खडा परत केला. "तेव्हा मला वाटायचं, उगा म्हणते."

शाझिया उठून त्याच्यासाठी चहा टाकायला गेली, आणि जाता जाता म्हणाली की कंदातला पिठूळ भाग पाण्यात विरघळत नाही, कडू विरघळतं, म्हणून ते होतं. मग दारात थांबली आणि म्हणाली, "पण चकत्या उकडायच्या, वाहत्या पाण्यात ठेवायच्या, हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल?" चहा झाला तरी तिघं त्याच गोष्टीवर बोलत होते, आणि बुधाची परतीची गाडी चुकली. इमराननं त्याला मोटरसायकलवरून पुढच्या गाडीला सोडलं.

त्या हिवाळ्यात मागच्या खोलीत आणखी पातेली आली. रंगकामासाठी घरात मोरचूद असतो. शाझियानं तो गरम पाण्यात विरघळवून गार केला, तर निळेभोर, तिरपे खडे आले. ते पाहून गल्लीतल्या बायका हात लावायला पुढं झाल्या, तेव्हा सलिमाबींनी विषारी आहे म्हणून सगळ्यांना मागं सारलं. काळ्या रंगासाठी लागणाऱ्या हिराकसावरही त्यांनी प्रयत्न केला. तो मात्र बिघडला; पाणी गंजासारखं पिवळं झालं आणि तळाला गाळ बसला. शाझियानं मालेगावला आपल्या जुन्या बाईंना फोन करून विचारलं. बाई म्हणाल्या, हवेनं बिघडतो तो, भांडं घट्ट झाकून आणि पाण्यात थोडं आम्ल घालून बघ. म्हणजे तेही करून पाहायचं राहिलं आहे.

शाझिया आता घरात बरंच बोलते. सलिमाबी अजूनही मोजकंच बोलतात. पण मागच्या खोलीत पातेलं गार व्हायला ठेवलेलं असलं, की त्या दारातच बसून राहतात. कुणी धाडधाड पावलं टाकत आलं, तर हाताने थांबवतात.

"हळू चाल," असं म्हणतात. "आत खडा बसतोय."

आणि येणारा मग, कोण का असेना, चपला दाराशी काढतो आणि भिंतीच्या कडेकडेनं आत जातो.